लाभ नावाचे पान

माझे सासरे धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, ब्रश कपाटात गेले आणि म्हातारा घरी बसून अहिराणीत चित्रकथा काढू लागला. अक्षर सुंदर. त्यांच्याबद्दल चांगले सांगण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे.

आमच्या लग्नाला ते आले नाहीत. मी जळगावचा, बौद्ध घरातला. त्यांच्या मुलीने मला पसंत केले आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी नुसता ‘तो’ झालो. आठ वर्षांत त्यांनी मुलीला एकदाही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी बोलावले नाही. आमच्या गल्लीत आखाजीला झोके बांधतात, सासुरवाशिणी पिशव्या भरून माहेरी निघतात. बायको नेमकी त्याच दिवशी कपाटे आवरायला काढायची आणि मी समोर आलो की कशावरून तरी चिडायची.

मग एक दिवस बायकोला मेहुण्याचा फोन आला. वडिलांना त्यांची चित्रकथा मोबाइलवर, टीव्हीवर दिसायला हवी होती, आणि सॉफ्टवेअरचे काम करणारा नात्यात मी एकटाच. सासरे मागून मुलीला ओरडून सांगत होते, “त्याले सांग, पुस्तक नीट करी दे. मंग आखाजीनं देखसूत.” म्हणजे पुस्तक झाले तर लेक माहेरी. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मला नाही म्हणता येईना.

चित्रकथा साठवायच्या ज्या फाइली चालतात, त्या मी आधी उघडून पाहिल्या. चित्रे एकत्र बांधायची आणि गाठोड्याचे नाव बदलायचे, संपले. पानांचा क्रम नावावरून ओळखायचा, त्यामुळे दहावे पान खुशाल दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. चौकटी कुठे, कोण काय बोलले, याचा पत्ता नाही. असले गबाळे काम मला खपत नाही. मी स्वतःचा फॉरमॅट बांधायला घेतला. चित्र एका थरात, फुग्यांतले बोलणे दुसऱ्या थरात, अहिराणीखाली मराठी, आणि सोबत पानांची पक्की यादी. सासऱ्यांना खूश करायचे नव्हते. त्यांना खोट काढायला जागा ठेवायची नव्हती.

त्यांनी जागा शोधलीच. “त्याले सांग, बोलनं बाजूले काढं ते चित्र मुकं व्हई जाई.” यावर तीन महिने भांडलो, तेही बायकोच्या मध्यस्थीने. शेवटी त्यांचे हाताने लिहिलेले शब्द चित्रातच ठेवले आणि टाइप केलेले शब्द मागे लपवले. म्हाताऱ्याचे म्हणणे बरोबर होते. मी ते त्याला कळू दिले नाही.

पाने मेहुणा झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणायचा, नावे सासरे सांगतील तशी द्यायचा, फुग्यांतले बोलणेही तोच टाइप करायचा. माझा प्रोग्रॅम फोल्डर उघडायचा, नावात आकडा असेल ती फाइल पान म्हणून घ्यायचा आणि बाकी सगळे कचरा समजून गुपचूप टाकून द्यायचा. आकडे मराठी असोत की इंग्रजी, त्याला सारखेच. मला त्याचा फार अभिमान होता. पाने मात्र मी वाचली नाहीत, एकही नाही. त्यांचे चित्र पाहून मला हसू आले असते, तर ते परवडले नसते. यादी दोनपासून सुरू होते, हे दिसले होते. म्हातारा मोजायला चुकला, असे वाटून मला बरेच वाटले, आणि दोन नंबरचे पान मी पहिले करून टाकले.

आखाजीला दहाबारा दिवस होते, तेव्हा पुस्तक धुळ्याला पाठवले. सासऱ्यांनी भाऊबंद गोळा केले, चहा ठेवला आणि मेहुण्याकडून ते टीव्हीवर लावून घेतले. थोड्याच वेळात बायकोचा फोन वाजला. सासरे इतक्या मोठ्याने ओरडत होते, की मला खोलीभर ऐकू आले.

“त्याले इचार, मनं लाभनं पान कोठे गयं? मुद्दाम कापं त्यानी!”

लाभ ऐकले आणि मला चूक कळली. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. सासऱ्यांचे वडील बाजारात मापाडी होते, पोराने तशीच मोजणी उचलली. आणि माझे आजोबा? पहूरच्या बाजारात पोती वाहायचे. घरी भाकरी मोजतानाही त्यांची पहिली भाकरी लाभच असायची. मला हे कोणी शिकवायला नको होते. नियम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलेच नाही.

फोल्डर उघडला. ‘लाभ’ नावाची फाइल होती. एकही फुगा नाही, पानभर एकच चित्र. धुळ्याचे घर, आखाजीची पंगत, ताटात सांजोऱ्या. त्यांची मुलगी बसलेली आणि तिच्या शेजारी मी. लग्नाच्या फोटोतला पांढरा शर्ट, कान भलतेच मोठे. सासरे वाकून माझ्या वाटीत रस वाढत होते.

बायको मागे येऊन उभी राहिली होती.

“तू हे बघितलंच नाहीस?”

“प्रोग्रॅमने टाकून दिलं.”

“प्रोग्रॅम कोणी लिहिला?”

त्याच दुपारी मी नियम बदलला, पान जागेवर बसवले आणि फाइल पुन्हा पाठवली. सोबत ‘माझं चुकलं’ असे लिहिले, ते खोडले, आणि लिहिले, ‘आवृत्ती दोन. दोष दुरुस्त केला आहे.’ मेहुण्याने नंतर सांगितले, वडिलांनी ती उघडू दिली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी बायकोला सासऱ्यांचा फोन आला. “तू ये. एकलीच ये.”

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. धुळ्याची बस माहेरवाशिणींनी भरली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. खाली वाकून ती म्हणाली, “त्यांनी तुला पंगतीत बसवलं होतं.”

“कान मोठे काढलेत,” मी म्हणालो.

तिने काच ओढून घेतली.