पोटरीला न पुरणारा दोरा

तुम्ही कधी रोज सकाळी उठून आपली पोटरी दोऱ्यानं मोजली आहे का? नसेल तर उज्ज्वलाला हसायचा हक्क तुम्हाला नाही. मालेगावजवळच्या आमच्या तांड्यावर लोक हसलेच. मीही हसले, ते पुढं येईल.

उज्ज्वला राठोड, वय एकोणतीस, दोन लेकरं. दसरा झाला की नवरा मदनसिंगसोबत ऊसतोडीला. सहा महिन्यांचं पोट घेऊन मोळ्या वाहणं तिनं एकदा केलंय. पुन्हा नको, म्हणून पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्यायची. गेल्या हंगामात शेजारच्या खोपीतली अंजू गेली. आधी एक पाय सुजला, चार दिवसांनी दम लागला, दवाखान्याच्या वाटेवरच संपली. पायातली रक्ताची गाठ छातीत गेली, म्हणे. अंजूही तीच गोळी घ्यायची. उज्ज्वलाला एवढंच कळलं. बाकीचं सांगायला कोणाला वेळ होता?

गावी आल्यावर तिनं गोधडीचा सुती दोरा घेतला आणि उजव्या पोटरीला बरोबर बसेल असा तोडला. रोज आंघोळ झाली की मोजायचं, दोरा न्हाणीतल्या खुंटीला टांगायचा. महिनाभरात टोकं भेटेनात.

सासू नानीबाई म्हणाली, "ऊस तोडून पाय भरले असतीन. बाईच्या पायाकडं कोन पाह्यते?"

तांड्यावर गोळ्या वाटणारी आरोग्यसेविका म्हणाली, "काही होत नाही, घे तू." या 'काही होत नाही'चा मला भयंकर राग आहे. विचारणारीला गप्प बसवायचं ते स्वस्त औषध आहे.

शेवटी ती शेजारच्या घरी, माझ्याकडं आली. दोरा पोटरीला लावून बोटभर फट दाखवली.

"दुखते का?"

"दुखत नाही. पन वाढून राह्यला ना ताई. दोरा काय खोटं बोलते?"

"दुसरा पाय मोजला?"

"त्याले कायले मोजू? अंजूचा उजवाच होता."

मी दोरा हिसकून डाव्या पोटरीला लावला. तिथंही तेवढीच फट. रोज भिजून भिजून दोराच आटला होता. मला हसू फुटलं. ती नाही हसली.

"मंग म्या गोळी उगाच सोडली?"

"कधी सोडली?"

"दोन महिने झाले. ह्याईले सांगतलं नाही. रोजची गोळी चुलीत टाकतो." मग खाली बघत म्हणाली, "पाळी नाही आली ताई."

मालेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाय ठीक होते. पोटात तिसरं होतं. बाई म्हणाल्या, गोळीनं गाठ होऊ शकते, पण फार थोड्या जणींना. म्हणूनच आधी रक्तदाब बघायचा, घरात कोणाला गाठ झाली होती का ते विचारायचं, आणि धोका दिसला तर दुसरं साधन द्यायचं. एकच पाय सुजला, दुखला, किंवा अचानक दम लागला, तर त्याच घडीला दवाखाना गाठायचा.

"आन् आता?" उज्ज्वलानं विचारलं.

"दिवस गेल्यावर गाठीचा धोका गोळीपेक्षा जास्तच असतो," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

परतताना एसटीत ती बोटांवर महिने मोजत होती. दसरा तोंडावर आलाय. तिच्या न्हाणीत आता दोन दोरे टांगलेले आहेत, एकेका पायाचा एकेक.

तुमच्या घरात कोणी गोळी घेत असेल तर आजच तिला विचारा, तुले भेव वाटते का. आणि ती बोलेपर्यंत जागचे उठू नका.