मावसाजींची आडवी सायकल

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात माझ्या मावसाजींइतका ताठ माणूस दुसरा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. आणि हाच ताठ माणूस गेली आठ वर्षं भीमपूरकडच्या रस्त्यांनी आडवा पडून फिरतो, हेही तितकंच खरं आहे. मावसाजी म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. त्यामुळे घरातलं पहिलं पुस्तक मावसाजींचं, पहिली नोकरी मावसाजींची आणि पहिली सायकलही मावसाजींचीच. त्या काळ्या सायकलवर ते पाठीला फळी बांधल्यासारखे बसत. समोरून येणारा माणूस ओळखीचा असो नसो, घंटी एकदाच वाजवायची, मान एक इंच झुकवायची, "जयभीम" म्हणायचं आणि पुढे निघायचं. पाऊस असला तर ते छत्री घेत, पण पाठ वाकवत नसत.

त्यांच्या खिशात पेन नसेल एखादे वेळी, पण मोजायचा टेप असतोच. जगातली निम्मी भांडणं लोक मोजत नाहीत म्हणून होतात, असं त्यांचं ठाम मत आहे. गावाच्या तोंडाशी कुणीतरी हौसेनं उंचच उंच गतिरोधक घातला, तेव्हा मावसाजींनी भर रस्त्यात उकिडवं बसून तो तीन जागी मोजला आणि मंडल कार्यालयात दरखास्त दिली. तिच्यात 'मौक्यावर येऊन पाहणी करावी' असं वाक्य चार वेळा होतं. साहेब शेवटी कंटाळून आले, त्यांचीच जीप खालून घासली आणि गतिरोधक दुसऱ्या दिवशी निम्मा झाला. कुणाच्या घरी सांत्वनाला गेले आणि भिंतीवरची तसबीर तिरपी दिसली, तर मावसाजी आधी ती सरळ करतात, मग डोळे पुसतात. लोक मनावर घेत नाहीत. "मास्तरचं तसंच हाय," म्हणतात आणि चहा ठेवतात.

निवृत्त झाल्यावरही त्यांची सायकल थांबली नाही. टेकडीपलीकडे शेतमजुरांची एक वस्ती आहे. तिथे बस जात नाही, आणि तिथल्या मुलींची गणिताशी गाठ थेट दहावीच्या परीक्षेतच पडे. पुस्तकं तेलुगूत, घरची बोली मराठी, आणि दोन्हीकडून गणित लांब. मावसाजी रोज दुपारी चारला निघत, टेकडी चढत, आणि वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर पाच मुलींना शिकवत. अंधार पडायच्या आत परत. ह्यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणण्याची तर कुणाची हिंमतच नव्हती.

मग गुडघे बोलू लागले. आधी डावा, मग उजवा. उठताना असा आवाज येई की मावशी स्वयंपाकघरातून विचारी, "दार उघडलं का जी?" मी आदिलाबादेत एका कार्यालयात कारकून आहे, म्हणून डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "मास्तर, झीज झाली आहे. सायकल बंद. मांडी घालून बसणं बंद. चढ बंद."

"चालू काय ठेवू?" मावसाजींनी विचारलं.

"गोळ्या," डॉक्टर म्हणाले.

मावसाजींच्या हैदराबादच्या मुलानं स्कूटर पाठवून दिली. मावसाजींनी ती एकदाच चालवली. वेग, अंतर आणि ब्रेक ह्यांचं गणित त्यांनी आदल्या दिवशी कागदावर सोडवलं होतं, उत्तरही बरोबर आलं होतं. तरी स्कूटर शेजाऱ्याच्या कुटाराच्या ढिगात शिरली आणि मावसाजी तिच्यामागोमाग. अंगाला फक्त भुसा लागला, पण त्या दिवसापासून स्कूटरवर मावशी गोधड्या वाळत घालू लागली. मावसाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. चार वाजले की एकदा टेकडीकडे बघत आणि मग पेपर उघडत. पेपर सकाळीच वाचून झालेला असे. तसबिरी तिरप्या झाल्या तरी उठत नसत. दहावीची परीक्षा सात महिन्यांवर होती, आणि ओट्यावरचा वर्ग बंद होता.

ह्यातून जे पुढे झालं त्याचा दोष थोडा माझा आहे. एका रविवारी त्यांचं मन रमावं म्हणून मी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा परदेशात एक म्हातारा आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसून, पाय पुढे पसरून, तीन चाकी सायकल चालवत होता. मावसाजींनी ती अकरा वेळा पाहिली. बाराव्या वेळी म्हणाले, "थांबव." चित्र थांबवलं. त्यांनी खिशातून टेप काढला आणि मोबाइलच्या काचेवर लावून म्हाताऱ्याचा पाय मोजला, मग पाठ मोजली, मग पेडलपर्यंतचं अंतर. कागदावर त्रैराशिक मांडलं. कितीतरी महिन्यांनी त्यांची पाठ सरळ झालेली मी पाहिली.

गावात बैलगाड्यांची लोखंडी कामं करणारा एक वेल्डर आहे, मावसाजींचाच जुना विद्यार्थी. तो आधी हसला. मग मावसाजींनी नकाशा उलगडला तसा वाकून बघू लागला. पुढे दोन लहान चाकं, मागे एक मोठं, मध्ये नवारीची खुर्ची मागे कलवून बसवलेली, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना वळवायच्या दांड्या, आणि पेडल पार पुढे नाकाडावर. तिथून मागच्या चाकापर्यंत पोचायला अडीच सायकलींची साखळी जोडावी लागली. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून मागे वेताची काठी आणि तिला मावशीच्या जुन्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा.

पहिल्या दिवशी गावात हलकल्लोळ झाला. एक बाई "मास्तर पडले वं माय!" म्हणत तांब्याभर पाणी घेऊन धावत आली आणि मावसाजींनी तिला आडव्यानंच "जयभीम" केला. कुत्र्यांची तर फारच पंचाईत झाली. त्यांच्या नजरेला नजर देत जाणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. भुंकायचं की शेपूट हलवायची हे ठरेपर्यंत मावसाजी पुढे गेलेले असत. नाक्यावरच्या शिपायानं तेलुगूत विचारलं, "सारू, इदेम बंडी?" म्हणजे, ही कसली गाडी? मावसाजींनी थांबून त्याला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. शिपायानं सलाम ठोकून सोडून दिलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण आठ दिवसांत गुडघे पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागले. मावसाजींनी वही सुरू केली आणि दुखणं दहापैकी मोजू लागले: 'आज उजवा साडेसहा, डावा सात. वाटीच्या खाली, समोरून.' त्यांनी खुर्ची मागे नेली. समोरचं दुखणं गेलं आणि गुडघ्यामागची शीर ओढू लागली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वेल्डर कंटाळला. तीन आठवड्यांनी मावसाजींचा मला फोन आला. आवाज इतका हळू होता की मी आधी ओळखलाच नाही. "बाबू, डॉक्टर खरा होता. भंगारात देऊन टाकतो मी हे."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. अंगणात ते यंत्र उभं, शेजारी मावसाजी, आणि ओसरीवर मावशी पायमशीनवर ब्लाऊज शिवत बसलेली. मावशीनं ह्या सायकलीबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. मावसाजी म्हणाले, "हिशोब बरोबर हाय माहा. गुडघाच चुकीचा हाय."

मशीन थांबली. मावशी म्हणाली, "एक इचारू का? चाळीस साल झाले मी पायमशीन चालवून राह्यली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माह्ये गुडघे काऊन नाई दुखत?"

मावसाजींनी खिशातून टेप काढला.

"बसा तिच्यात," मावशीनं सायकलीकडे बोट दाखवलं. मावसाजी बसले. "चालवा. हळू." ती पदर खोचून त्यांच्या पायांशी उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग बोलू लागली तेव्हा मला जाणवलं की गुरू आज दुसराच आहे. "स्टूल मशीनजवळ ओढलं तं गुडघा समोरून दुखते. दूर सरकवलं तं मागून. पाय पुरा लांब गेला तवा गुडघा जरासाक ढिला राह्यला पायजे, ताठ नोको. तुमाले तं सगळंच ताठ लागते! अन हे काय, पाठ खुर्चीले टेकवून तुमी गाडी रुतल्यावानी रेटून राह्यले. दाबू नोका. फिरवा. मशीनले कोणी लाता मारते का?" मग डावा बूट पेडलशी बांधणारा पट्टा सोडत म्हणाली, "हा पाय तुमचा जन्माचा बाहेर पाहते. लग्नातच पाह्यलं होतं मी. तुमी त्याले सरळ बांधला. मंग गुडघा पिळवटणार नाई तं काय?"

तिनं स्वतःच्या हातानं खुर्ची दोन बोटं पुढे सरकवली, पट्टा सैल केला आणि वेल्डरला निरोप धाडला की मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती बसव, म्हणजे पाय हलके फिरतील. मावसाजी मुकाट्यानं आत गेले आणि वही घेऊन आले. त्यांनी गुडघ्याचा कोन मोजला, लिहिला आणि खाली तांबड्या शाईनं दोन शब्द लिहिले: 'सौ. बरोबर.' चाळीस वर्षांच्या संसारात असा शेरा मावशीला पहिल्यांदाच मिळाला. तिनं तो वाचला आणि मशीनवर जाऊन बसली; पण त्या दिवशी ब्लाऊजची एक बाही उलटी लागली.

पुढच्या वहीतले आकडे मी स्वतः पाहिले आहेत. उजवा पाच, मग चार, मग अडीच. दिवाळीनंतर एका दुपारी चार वाजता मावसाजी निघाले आणि टेकडी चढले. मध्ये तीनदा थांबले, पण उतरले नाहीत. वस्तीत पोचले तेव्हा पाचही मुली ओट्यावर बसलेल्या होत्या. वर्ग बंद झाल्यापासून त्या रोज तिथे बसून आपापसात गणितं सोडवत होत्या, चुकत होत्या, खोडत होत्या. मावसाजींनी सगळ्या वह्या पाहिल्या. "चुका बी पद्धतशीर केल्या तुमी," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. त्या वर्षी पाचही जणी पास झाल्या. एक आज आदिलाबादच्या दवाखान्यात नर्स आहे.

निकालानंतर मावसाजी आडव्या सायकलीवर थेट आदिलाबादला डॉक्टरांकडे आले. मी ऑफिसातून पळत गेलो. डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला, गुडघे दाबून पाहिले. "झीज होती तेवढीच आहे, मास्तर. पण मांडीची ताकद चांगली वाढली आहे. कुणाकडून व्यायाम शिकलात?" मावसाजींनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं आणि दवाखान्याच्या आवारात एक फेरी मारायला लावली. रांगेतले सगळे पेशंट उठून बघायला आले. "ह्यातलं लोखंड वेल्डरचं," मावसाजी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अन अक्कल आमच्या घरच्या बाईची." त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली होती की मी साहेबांची परवानगी न घेताच सुट्टी टाकली.

आता वस्तीतल्या मुली निवासी शाळेत जातात; ओट्यावरच्या वर्गाची तशी गरज उरलेली नाही. मावसाजी तरी जातात. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलतात, कुणाची खाट कुणाच्या उंचीला ठेंगणी आहे ते सांगतात. गेल्या थंडीत मी त्यांच्याबरोबर साध्या सायकलीवर निघालो. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. टेकडीच्या शेवटच्या चढावर त्यांचे पाय मंद झाले. मी उतरून माझी सायकल कडेला लावली आणि त्यांच्या मागून चालू लागलो. ह्या माणसानं आयुष्यात कुणाला आपली सायकल ढकलू दिली नव्हती, म्हणून मी हात मागेच बांधून ठेवले.

थोड्या वेळानं, मान न वळवता ते म्हणाले, "बाबू, लाव जरा हात."

मी खुर्चीच्या पाठीला हात लावला. नवारीतून त्यांचा श्वास माझ्या तळव्याला लागत होता. मी हळूहळू ढकलत होतो आणि ते पाय फिरवत होते, थांबले नाहीत. माथा आला, रस्ता सपाट झाला आणि खाली वस्तीची कौलं दिसू लागली.

"सोड आता," मावसाजी म्हणाले.

मी सोडलं. उतारावर ते लांब लांब जात राहिले, आणि माझा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.