जळगावच्या स्टेजवर मी गप्प राहिले

"मॅडम, हसायचं, हात हलवायचा, नमस्कार करायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही," राणे गाडीत मला तिसऱ्यांदा बजावत होता. राणे म्हणजे आमच्या प्रोड्युसरचा पब्लिसिटीवाला. स्वतः दिवसभर बोलायचा आणि दुसऱ्याला गप्प बसवायचा पगार घ्यायचा.

माझा पहिला सिनेमा जळगावात जोरात चालला होता. म्हणून दुपारच्या खेळाआधी माझं पर्सनल अपिअरन्स ठेवलं होतं. म्हणजे नटीनं थिएटरात जाऊन पब्लिकला आपलं तोंड दाखवायचं. माझ्या बाबतीत फक्त तोंडच, कारण पडद्यावरचा आवाज माझा नव्हता.

याला डबिंग म्हणतात. शूटिंगच्या वेळी गोंगाट फार, त्यामुळे नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत, ओठांच्या हालचालीवर पुन्हा बोलायचं असतं. माझ्या हिंदीला खानदेशी ठसका होता. प्रोड्युसरनं माझ्या जागी बोलायला दुसरीच बाई उभी केली आणि पेपरात छापून आणलं, "मिस लोरा, लंडनची." लंडन मी नकाशातही नीट पाहिलं नव्हतं. माझा बाप भुसावळला इंजिन ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन. आई पारोळ्याजवळच्या खेड्यातली. तिच्या लग्नानंतर माहेरानं दार लावून घेतलं. मी सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ते दार एकट्या मावशीनं उघडलं आणि मला आपल्या घरी नेलं. बाराव्या वर्षी बापानं मला मुंबईच्या होस्टेलात नेऊन टाकलं. तिथल्या मुलींना मी काळी वाटायची, गावात गोरी वाटायची. धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

मॉडेलिंगमध्ये मात्र हेच रूप चाललं. साडीच्या जाहिरातीत मी पुढून महाराणी, मागून सतरा सेफ्टी पिना. त्यातूनच सिनेमा मिळाला. तीन सिनेमांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कलम होतं, परवानगीशिवाय चारचौघांत बोलायचं नाही. बोललीस तर काम गेलं. मी बिनदिक्कत सही केली. होस्टेल सुटल्यापासून मी एकटीच राहत होते, बोलायला होतंच कोण?

स्टेजवर हार झाले, शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि पायऱ्या चढून वर आली. थिएटरच्या मॅनेजरला वाटलं, भोळी प्रेक्षक आहे, पब्लिकची करमणूक होईल. त्यानं तिला अडवलं नाही.

ती मावशी होती. अकरा वर्षांनी पाहत होते. तिला लिहितावाचता येत नव्हतं, आणि मीही कधी पत्र टाकलं नव्हतं. लाज म्हणा, आळस म्हणा.

तिनं माझी हनुवटी धरून माझं घरचं नाव घेतलं. "पोरी, तू सोनी शे ना?"

राणे मध्ये पडला. "आजी, मॅडमना मराठी येत नाही. परदेशी आहेत त्या."

"भाऊ, मी परवा सिनेमा देखा. तोंड सोनीनं व्हतं, पन आवाज दुसराना. म्हनीसन इचारस." मग माझ्याकडे वळून, "पोरी, एक शब्द बोल. मी लगेच वळखी लेसू."

राणेनं मागून माझा दंड दाबला. समोर हजार माणसं. मी हात जोडले आणि पोस्टरवरचं हसू हसले.

मावशीनं जरा वाट पाहिली. मग हनुवटी सोडली. "नही. मनी सोनी मले देखीसन गप नही राहती."

ती पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेली. सिनेमासाठीही थांबली नाही.

गाडीत राणे म्हणाला, "शाब्बास मॅडम! नर्व्ह आहे तुमच्यात."

मी गळ्यातले हार काढून त्याच्या मांडीवर टाकले.

कॉन्ट्रॅक्ट संपायला दोन वर्षं लागली. तोवर मावशीसमोर जायची हिंमत झाली नाही. संपल्याच्या आठवड्यात मी साधं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, एसटीनं मावशीच्या गावी गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी फाटकातूनच हाक मारली, "मावशी!"

तिनं वर पाहायच्या आधीच सूप बाजूला ठेवलं. "सोनी! तुना आवाज वळखा मी."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. पण तीच आधी बोलली.

"जळगावले एक सिनेमानी बाई देखी. डिट्टो तुनासारखी. मी इतली इनवनी करी, पन ती एक शब्द नही बोलनी. दगड शे दगड! बरं व्हयनं, ती तू नव्हती." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू काय करस मुंबईले?"

मी तिच्याकडे पाहिलं. केवढी निश्चिंत दिसत होती.

"टायपिस्ट आहे," मी म्हटलं.

पुढे मी बरेच सिनेमे केले, सगळे स्वतःच्या आवाजात. नव्या मुली विचारतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी काय बघायचं? मी सांगते, पैसे मागाहून बघा. आपल्याला कुठं गप्प बसवलंय ते आधी बघा. दर दिवाळीला मी गावी जात राहिले. मावशीला माझा एकही सिनेमा दाखवला नाही.

ती गेली तेव्हा दहाव्याला शेजारच्या अक्कानं माझा हात धरून विचारलं, "हापीसमा रजा भेटनी का, माय?"

"भेटली," मी म्हटलं.