चौथे शील

माझ्या हृदयाची दुरुस्ती झाली होती, पण माझा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून विहारात वंदना सांगण्याचे काम आमच्या घराकडे आले आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मी नेमाने करू लागलो. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी पंचशील सांगत होतो. तिसरे शील झाले आणि छातीत कळ आली. चौथे तोंडातच राहिले. जीपने मुरबाड, तिथून कल्याण, तिथे रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. हृदय आता उत्तम चालते, चाला, वंदनाही मोठ्याने म्हणा, असे डॉक्टरांनी सांगितले. मी मान डोलावली आणि घरी येऊन ओटीवरच्या खुर्चीत बसलो. आवाज चढवला की ती कळ पुन्हा येणार, असे मनाने ठरवून टाकले होते. आपल्या तोंडून आता पुन्हा वंदना होणार नाही, हे मी स्वीकारले होते. कोणाला सांगितले मात्र नाही.

हृदयाच्या रुग्णांचे मन खचू नये म्हणून रुग्णालयाने माझ्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले होते. रोज सकाळी पाच प्रश्न येत: झोप लागली का, किती चाललात, कोणाशी बोललात का, भीती वाटली का, मन कसे आहे. उत्तरे वाचायला तिकडे एक परिचारिका होती. नोकरीत असताना मी दर रविवारी पुढच्या आठवड्याचे टाचण लिहून ठेवत असे. त्याच सवयीने मी या उत्तरांचेही टाचण काढले. सात दिवसांची उत्तरे रविवारीच वहीत लिहायची आणि रोज एकेक मोबाईलवर उतरवायची. झोप शांत. भीती नाही. मन प्रसन्न. आमच्या घरात रेंज नाही, ती विहाराच्या पायरीवरच मिळते. म्हणून माझी पत्नी रोज मोबाईल घेऊन चढ चढून जाई आणि उत्तरे गेली की लगेच परत येई. ‘किती चाललात’ यापुढे मी ‘वीस मिनिटे’ लिहीत असे. चालत ती होती.

दीड महिना असा गेला. एका सकाळी तिने गुडघ्याला फडके बांधले आणि मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. “माजा गुडघा आज हलत नाय. तुमीच जा.” मी म्हटले, उद्या पाठवू. ती म्हणाली, “उद्याचं तर तुमी कवाच लिवून ठेवलंय. आजचं न्या.”

चढ दोनशे पावलांचा. चाळिसाव्या पावलाला छाती धडधडू लागली. परत फिरावेसे वाटले, पण खाली ओटीवर ती उभी राहून पाहत होती. थांबत थांबत वर पोहोचलो, पायरीवर टेकलो आणि त्याच क्षणी मोबाईल वाजला. परिचारिका बोलत होती. तीन दिवस फोन लावत होते, पण लागत नव्हता, असे तिने सांगितले. मग अगदी सहज विचारले, “गुरुजी, एखाद्या मुलाची दीड महिना सगळी उत्तरं बरोबर आली, एकही खाडाखोड नाही, तर तुम्ही काय समजायचात?”

“नक्कल,” मी म्हणालो.

विहाराचे दार उघडे होते, समोर तथागतांची मूर्ती होती. जिथे बसून मी लोकांकडून असत्य न बोलण्याचे चौथे शील म्हणवून घेत होतो, तिथूनच माझे असत्य रोज पाठवले जात होते. “भीती वाटते,” मी म्हणालो. “आवाज काढायचीच भीती वाटते.” तिने सांत्वन केले नाही. “आता मला कामाला लागता येईल,” एवढेच म्हणाली.

मुळाक्षरे गिरवावीत तसे आम्ही शिकलो. रोज स्वतः पायरीपर्यंत यायचे, ॲपमधल्या आवाजाबरोबर श्वास मोजायचा, वंदनेची एकच ओळ हलक्या आवाजात म्हणायची. पुढच्या आठवड्यात दोन. उत्तरे मात्र त्या दिवशीची आणि खरी. कित्येकदा ‘भीती वाटली’ असे लिहिले. तसे लिहिले की तिचा फोन येई.

वैशाखी पौर्णिमेला विहार भरला होता. तिसऱ्या शीलाशी मी थांबलो. सगळे थांबले. मग चौथे शील म्हटले, पूर्ण आवाजात, आणि सबंध विहाराने ते माझ्यामागे म्हटले. हृदय जोरात चालत होते. चालू दिले. पाचवेही झाले.

उतरताना पत्नी माझ्या पुढे झपझप चालली होती. मी गुडघ्याची चौकशी केली.

“त्याला काय झालंय? तवाबी काय नव्हतं.”

“म्हणजे तू खोटं बोललीस.”

“हा. आताच वर शील घेऊन आले ना, म्हून तर सांगतेय,” ती म्हणाली.

कृपा हा शब्द आमच्या घरात वापरत नाहीत. पण मी पायरीवर टेकायला आणि तो फोन यायला जो मेळ बसला, त्याचे गणित मी मांडत नाही. नुसते हात जोडतो. इतकी वर्षे त्रिशरण म्हटले. शरण जायचे तर तयार उत्तर खाली ठेवून जायचे, हे मला त्या पायरीवर कळले. आता रविवारी वही कोरी असते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी लिहिले: भीती, थोडी. चाललो, दोनशे पावले. माझा मी.