दोन ससे आणि माझ्या आधीच्या सासूबाई

नरपडच्या सासरच्या घरातून निघताना मी दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि पिंजऱ्यातले दोन ससे एवढंच बरोबर घेतलं. कुकर का उचलला ते मला अजून सांगता येत नाही. तो माझा नव्हताच. ससे मात्र माझे होते, निदान मी तसं समजत होते.

त्याच्या दोनेक वर्षं आधी आमच्या चिकूच्या वाडीजवळचं एक लहानसं रिसॉर्ट बंद पडलं. पाहुण्यांच्या मुलांना खेळायला ठेवलेले ससे मालक पिंजऱ्यासकट तिथेच सोडून गेला. मला कळेपर्यंत दोनच उरले होते, दोन्ही माद्या. एक पांढरी, दुसरी करडी. करडीचा कान फाटलेला होता. मी त्यांना ओढणीत गुंडाळून घरी आणलं. नवरा म्हणाला, "ठेव." सासूबाई म्हणाल्या, "हे उंदीर माझ्या ओटीवर नकोत." मग पिंजरा मागच्या पडवीत गेला. माझी नोकरी तलासरीच्या एका बँकेत. सकाळी निघायची ती संध्याकाळी परतायची.

नवऱ्याचं आणि माझं नेमकं काय बिनसलं, हे विचारणाऱ्यांना मी अजून सरळ उत्तर देऊ शकलेली नाही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरं कोणी नाही. बोलणं कमी होत गेलं. एका सकाळी चहा पिताना त्याने विचारलं, "तू इथे खूश आहेस का?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला.

एवढ्यावर कोणी घर सोडतं का? मी सोडलं. तलासरीत बँकेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बरोबर केलं की चूक, याचा विचार करायला बसले की काहीच सुचायचं नाही, म्हणून मी पिंजरा झाडत बसायची.

तिसऱ्या दिवशी ससे खाईनात. नाक्यावर झरीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडून ताजी कोथिंबीर आणली, तिला त्यांनी तोंडही लावलं नाही. करडी कोपऱ्यात अंग आखडून बसली, दात करकरत. मी सुट्टी टाकली आणि तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"मॅडम, मी गाईबैलांचा डॉक्टर," ते म्हणाले. "पण सशाचं पोट बंद पडलं की तो फार टिकत नाही, एवढं मला माहीत आहे. आधी दिवसभर काय खायच्या या?"

संध्याकाळी मी गाजर, कोबी द्यायची. दिवसा? मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी औषध दिलं, पोट हलक्या हाताने चोळायला सांगितलं. घरी येऊन मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, ससे दिवसा काय खायचे?"

"का? काय झालं?"

"खात नाहीयेत."

"थांब," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन तासांनी त्या शेअर इको गाडीतून उतरल्या, काखेत गोणी. गोणीत चिकूच्या बुंध्याशी वाढतं ते गवत आणि शेवग्याचा पाला. त्या थेट जमिनीवर बसल्या आणि हाक मारली, "या गो बायांनो, या." पांढरी लगेच आली. करडीने दुपार कलल्यावर एक काडी ओढली. मग दुसरी.

"उंदीर म्हणायचात ना यांना?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? तू नाव तरी कुठे ठेवलंस?"

मला हसू आलं आणि रागही आला. इतके दिवस माझ्या सशांना त्या वाढवत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. निघताना त्या दारात थांबल्या. "रविवारी आणखी गवत आणते. पण मी इथे कोण म्हणून येऊ गं?"

"आई म्हणून या."

"कोणाची?"

रविवारी त्या आल्या. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्या आठवड्यातही आल्या. मुलाचा विषय काढायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "जेवत नाही नीट." मी करडीबद्दल समजून म्हटलं, "मग पाला बदलून बघा."

गेल्या हिवाळ्यात करडी गेली, वयाने. "इथे सगळी लादी, कुठे पुरशील?" सासूबाई म्हणाल्या. "वाडीत चल." घर सोडल्यावर मी पहिल्यांदाच नरपडला गेले. खड्डा माझ्या आधीच्या नवऱ्याने खणला. माती सारखी केली, हात धुतले आणि विचारलं, "चहा घेणार?" मी घेतला. मग अचानक मला रडू फुटलं, आणि ते करडीसाठी की कशासाठी, हे तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही. तो कप हातात धरून उभा राहिला. परत ये म्हणाला नाही. तो तसं म्हणावं असं मला वाटत होतं का, हेही मी ठरवू शकले नाही.

आता पांढरी एकटी आहे. एकटा ससा झुरतो म्हणतात. तिला वाडीत ठेवावं का, असं सासूबाईंना विचारायचं मी बरेच दिवस टाळत होते. ती तिकडे गेली तर त्या माझ्याकडे कशाला येतील? परवाच्या रविवारी शेवटी विचारलं.

पाला निवडता निवडता त्या म्हणाल्या, "राहू दे. इथेच बरी आहे ती. तिला जोडीला दुसरी बघू." मग त्यांनी माझ्याकडे चाकू मागितला आणि गाजर चिरायला घेतलं.