नानांनी बंद केलेलं दार

नानांची आणि माझी पहिली भेट एका अडून बसलेल्या संगणकाच्या पडद्यासमोर झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावच्या आमच्या सरकीतेलाच्या कंपनीत मी हिशेब विभागात नुकतीच रुजू झाले होते आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड विसरले होते. शेजारच्या खोलीतून संगणक विभागाचे नाना आले. रागावतील म्हणून मी अंग चोरून बसले, तर म्हणाले, "ताई, पाचोऱ्याहून येता ना? गाडीत बसायला जागा मिळते का?" बोलता बोलता पासवर्ड बदलूनही झाला.

वजनकाटा, गोदाम, पगार, हिशेब हे सगळे विभाग एकाच पासवर्डने उघडतील, अशी सोय नानांनी स्वतः लिहिली होती. सकाळी एकदा नाव-पासवर्ड दिला की दिवसभर पुन्हा कुठे विचारणा नाही. त्या सोयीला सगळे 'नानांचं दार' म्हणत. ते अडलं की लोक नानांच्या खोलीत जात आणि चहा घेतल्याशिवाय परतत नसत. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाची केळी वाऱ्याने आडवी झाली, नानांना सगळं ठाऊक. नाना मूळचे धुळ्याचे. वहिनी गेल्यापासून जळगावात भाड्याच्या खोलीत एकटेच राहत. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी माणसं हीच.

पुढे कंपनीने नवी, तयार प्रणाली विकत घेतली आणि जुनं दार बंद करण्याचं काम नानांकडेच दिलं. शेठजींना लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर सगळं एका झटक्यात बदलायचं होतं. नाना म्हणाले, "शेठजी, पूजा नव्या संगणकाची करू. जुना तेवढा चालू राहू द्या. दिवाळीनंतर सरकीचे ट्रक लागतात, काटा थांबला तर रांग नशिराबादपर्यंत जाईल." तसंच झालं. नव्या संगणकाला हळदकुंकू लागलं आणि जुना मागे मुकाट राबत राहिला.

हंगाम ओसरल्यावर नानांनी एकेक विभाग हलवला. प्रत्येकाच्या शेजारी ते स्वतः बसले. काट्यावरचे असोद्याचे आबा हटून बसले, "मले नही जमणार, नाना." नानांनी त्यांच्या बैलाचं नावच पासवर्ड करून दिलं. ते नाव अख्ख्या असोद्याला माहीत होतं, ही गोष्ट वेगळी!

जुन्या दाराच्या शेवटच्या दिवशी, कोणी मागे राहिलं असेल तर त्याची अडचण नको म्हणून, नानांनी जुना संगणक चालू ठेवला आणि खोलीत बसून राहिले. संध्याकाळी मी डोकावले. टेबलावर चहाचे कप उपडेच होते.

"कोनीच उनं नही," नाना म्हणाले. "म्हंजे काम बठ्ठं बराबर व्हयनं."

कार्यालयात नेहमी पुस्तकी मराठी बोलणारे नाना त्या दिवशी घरच्या अहिराणीत बोलले: कोणीच आलं नाही, म्हणजे काम सगळं नीट झालं. इतकं मोठं काम झालं आणि कोणाला कळलंही नाही, ही त्यांच्या कामाची थोरवी. पण त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत जायला कोणाला कारणच उरलं नाही, आणि हे होणार हे नानांना पहिल्यापासून माहीत होतं. तरी त्यांनी एक दिवसही काम लांबवलं नाही.

निवृत्तीनंतर नाना धुळ्याला परतले. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. मला पाहताच त्यांनी काळजीने विचारलं, "ताई, काय अडलं?"

"काही नाही नाना, सहज आले."

नानांनी चष्मा काढला. "सहज?" म्हणाले, आणि चष्मा पुसत चहा ठेवायला आत गेले.

साठी पूर्ण करणाऱ्या नानांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आपल्यापैकी ज्यांचं काहीही अडलेलं नाही, त्यांनी एकदा धुळ्याला जाऊन यावं.