चिलटांचं माहेर

सोलापुरात मागवाल्यांच्या आळीत काशम्मा राहायची. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. शेजारणीशी भांडता भांडता सुताच्या कांड्या भरून मोकळी व्हायची.

तर तिची लेक बसव्वा बाळंतपणाला आली, मुलगा झाला, आणि त्याच भादव्यात घरात चिलटं मातली. लेकरू डोळा मिटतंय न मिटतंय तोच पापणीवर चिलट. चोळून चोळून डोळे लाल, रडून रडून घसा बसलेला. अक्कलकोटची विहीण बघायला आली ती तोंड वाकडं करूनच गेली. पुढच्या बाजारी येते म्हणाली; डोळे असेच दिसले तर दोघांना घेऊन जाणार. ओली बाळंतीण बैलगाडीत घालायची म्हणजे? काशम्मा लगेच कामाला लागली.

तिनं कडुलिंबाचा पाला जाळला. चिलटं पळाली खरी, पण बाळ खोकायला लागलं, आणि धूर विरला की चिलटं परत हजर. शेजारच्या गोठ्यावर खापर फोडून झालं. मग आंबट ताकात गूळ कालवून वाटी ठेवली. चिलटं त्यात बुडायची, पण बुडाली त्याहून जास्त येतच होती. काशम्मा टक लावून बसली. येतात तरी कुठून? तर मागाच्या कोपऱ्यातून.

तिथं खळीचं मडकं. सुताला लावायची ज्वारीच्या पिठाची खळ त्यात असायची. मडक्याचा तळ कधी खरवडायचा नाही, त्यात मागाची लक्ष्मी राहते, असा तिच्या नवऱ्याच्या, रेवणप्पाच्या घराण्याचा नेम. नवी खळ जुनीवरच ओतायची. काशम्मानं झाकण उचललं आणि भप्पकन चिलटांचा ढगच तोंडावर आला.

मडकं रिकामं करा म्हटलं, तर रेवणप्पा मागावरून उठेना. आजानं तळ काढला न्हाय, बानं काढला न्हाय, मी काढू व्हय, एवढंच त्याचं पालुपद.

"लक्ष्मी हाय की, न्हाय कोण म्हनतंय," काशम्मा म्हणाली. "पर तिला शिळंपाकं कशाला खाऊ घालताय? न्हायतर असं करा, नातू द्या अक्कलकोटला लावून, आन् मडकं घाला पाळण्यात."

रेवणप्पा हसला नाही, पण उठला. मडकं स्वतः उकिरड्यावर पालथं केलं, राखेनं घासलं, उघडीप बघून वाळवलं आणि वर विभूती ओढली. तेव्हापासून खळ रोजची रोज, लागेल तेवढीच.

बाजारादिवशी विहीण आली. चिलटं वारायला पदर हातात धरून पाळण्याशी ठाण मांडून बसली. एकही येईना. लेकरू गाढ झोपलेलं. वाट बघता बघता तिचीच मान कलली.

जागी झाली तेव्हा काशम्मा समोरच होती, पाळण्याची दोरी धरून.

"ऱ्हाऊ द्या पोरीला म्हैनाभर," विहीण झोपेचे डोळे चोळत म्हणाली. "मी बी ऱ्हाते दोन दिस. हितं झोप लई चांगली लागती."